बोळवणीची टोपली

आमच्या गावाला दोन गोष्टी चांगल्या यायच्या. केळी पिकवायची आणि पोरं लपवायची.

थंडी पडली की देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस सायकलवरून यायचा. निर्मळच्या रस्त्याला त्याची खाकी टोपी दिसली की पहिल्या बागेतला गडी ओरडायचा, "रेडा सुटला!" मग तीच हाक दुसऱ्या बागेतून, मग तिसऱ्या. रेडा कुठेच सुटलेला नसायचा. तो बिचारा डोळ्यांवर झापड बांधून रहाटाला गोल गोल फिरत असायचा. पण हाक आली की बायका हातातलं काम टाकायच्या, पोरं काखोटीला मारायच्या आणि पाटलांच्या शेवटच्या बागेकडे पळायच्या. ती बाग गावाच्या शिवेला लागून होती. आत केळीच केळी, मधोमध सोललेल्या केळ्यांची सुकेळी वाळवायची गवती खोप. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. देवी काढणारा गावात पोचायचा तेव्हा त्याच्यापुढे म्हातारेकोतारे, गुरं आणि मी, एवढेच हजर असायचो. पाटील त्याला चहा पाजायचे, केळ्यांची फणी बांधून द्यायचे आणि यंदा पोरं मामाकडे गेलीत म्हणून सांगायचे. वासराच्या अंगावरचा पू आपल्या पोराच्या दंडात घालून घ्यायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळं गाव एक होतं. एरवी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून एकमेकांची डोकी फोडायचे.

मला कोणी लपवायचं नाही. मी चार वर्षांची असताना मला देवी येऊन गेल्या होत्या. तोंडभर वण होते, अजून आहेत. देवी काढणारा माझ्याकडे बघून म्हणायचा, "हिचं काम वरच्या वर झालंय," आणि पाटील मोठ्याने हसायचे. गाव मला वणवाली म्हणायचं, पोरं चाळण म्हणायची. लग्नघरी हळद लागायची तेव्हा मला मागच्या दारी भांड्यांवर बसवत, नवरीच्या नजरेला माझं तोंड पडू नये म्हणून. आई म्हणायची, "बायांनी तुला ठेवली, तेच खूप." बाया म्हणजे देवी. त्या आजाराचं नाव घ्यायचं नसे. ताप आला म्हणायचं नसे, फोड आले म्हणायचं नसे. ‘बाया आल्या’ म्हणायचं, आणि त्या माझ्या घरी येऊन राहून गेल्या म्हणून मी जन्मभर त्यांचं उष्टं.

घरात आम्ही तिघं. धाकटा भाऊ आईच्या पोटात असताना बाप गेला. त्यानंतर आमची वाडी पाटलांच्या बागेत कधी आणि कशी विरघळली ते मला नीट कळलंच नाही. आई ज्या केळींना आपल्या म्हणून पाणी घालायची, त्यांनाच मजुरीने घालायला लागली. जात तीच, पाटील लांबचे भाऊबंद तेच. फक्त आई त्यांच्याकडे गेली की उंबऱ्याबाहेर बसायची.

भावाला एक सवय होती. झोप यायला लागली की तो माझ्या गालावर बोट फिरवायचा. एक ठरलेला वण होता, डाव्या डोळ्याच्या खाली, जरा खोल. त्यात बोटाचं टोक टेकवलं की तो झोपायचा. बोट काढलं तर जागा व्हायचा. सगळ्या गावात माझं तोंड आवडणारा तो एकटाच माणूस होता, आणि तो चार वर्षांचा होता.

स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली असतील. माघात पाटलांच्या गाडीवानाच्या मुलीला बाया आल्या. सहा-सात वर्षांची मुलगी. मग तिच्या शेजारचा एक मुलगा, मग आणखी दोघं. बायांना चालत नाही म्हणून गावात आधी फोडणीचा वास बंद झाला, दारादारात कडुलिंबाचे डहाळे लागले आणि संध्याकाळी पाटलांच्या अंगणात सगळे गोळा झाले.

सभा फार वेळ चालली नाही. टोचणाऱ्यापासून पोरं लपवायची जागा तयार होतीच. आजारी पोरं तळ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत न्यायची आणि धडधाकट पोरं खोपीत ठेवायची, असं ठरलं. पोरं तिकडे आहेत हे शिवेपलीकडच्या माणसाला कळता कामा नये, कोणी पाहुणा येऊ नये, कोणी वास काढत येऊ नये. खोपीत पोरांजवळ पाटलांची विधवा बहीण राहणार होती. तिला सगळे आत्या म्हणायचे. आता राहिला एकच प्रश्न, धर्मशाळेत आजारी पोरांना बघणार कोण. आयासुद्धा खाली बघायला लागल्या. मग एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तोपर्यंत त्या अंगणात माझ्याकडे सरळ बघितलेलं मला आठवत नाही.

पाटील म्हणाले, "हिला बायांनी एकदा धरून सोडलीय. पुन्हा हात नय लावनार."

मी दहा-अकरा वर्षांची होते. गावातली पोरं जपायची म्हणून गाव जमलं होतं, आणि मी पोर आहे हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आईच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. खोपीत बागाईतवाल्यांची पोरं जाणार होती. मजुरांच्या पोरांचं काय, हे कोणी बोललं नव्हतं. आई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "पोरगी न्या. पन माजा पोरगा खोपीत घ्या." आईने आयुष्यात केलेला तो एकच सौदा. पाटलांनी आत्याकडे बघितलं, आत्याने नाक मुरडलं, आणि सौदा झाला.

घरी आल्यावर आईने माझा हात धरून भावाच्या डोक्यावर ठेवला. "तू तटे धर्मशाळेत, हा अटे खोपीत. खोपीकडं पाऊल टाकशील तर याची शपथ हाय तुला." मी शपथ घेतली. भावाला वाटलं खेळ चाललाय. तोही माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला.

सकाळी पोरं निघाली. प्रत्येकाच्या डोक्यावर वळकटी, गोधडी, कोणाकडे लोकरीची बंडी. भावाच्या काखेत आईचं जुनं लुगडं होतं, चार पदरी घडी करून. आमच्या घरात एकच गोधडी होती आणि तिचा नुसता कापूस राहिला होता. आत्या म्हणाली, "बागेत थंडी काय पडते म्हाईत हाय का? अटे लुगड्यावर पोर धाडतात!" पण स्वतःची जास्तीची गोधडी काही तिने दिली नाही. भाऊ वळून वळून माझ्याकडे बघत गेला.

धर्मशाळेतलं फार सांगत नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी बघितलं नाही त्यांना कळणार नाही. अंगावर तसूभर जागा राहत नसे, त्यामुळे चादरीवर निजवलं की कातडी चिकटून यायची. म्हणून केळीची कोवळी पानं अंथरायची. पानं मी पहाटे कापून आणायची, दुपारी बदलायची, संध्याकाळी पुन्हा बदलायची. आमच्या गावात पानांना तोटा नव्हता. पाणी, पेज, कडुलिंबाच्या डहाळीने वारा. आई रोज धर्मशाळेपुढच्या चिंचेखाली पेजेचं मडकं ठेवून मागे जायची, मग मी जाऊन उचलायची. चिंचेच्या अलीकडे माझ्याशिवाय कोणी यायचं नाही. ज्यांची पोरं आत विव्हळत होती ते आईबापसुद्धा चिंचेखाली उभे राहून हात जोडायचे आणि जायचे. मला त्या मेल्यांचा राग यायचा. अजून येतो. बायांपुढे हात जोडत होते की माझ्यापुढे, हे विचारायची सोय नव्हती.

गाडीवानाच्या शेजारचा मुलगा गेला. बायांनी नेलेल्यासाठी रडायचं नसतं, त्यांचा अपमान होतो. त्याची आई चिंचेखाली तोंडात पदर कोंबून उभी राहिली, आणि दोघा गड्यांनी खणून ठेवलेला खड्डा मला लांबून दाखवला. बाकीची तिघं उठली. गाडीवानाची मुलगी सगळ्यात आधी उठली. खपल्या धरल्या, पडल्या, आणि तिला कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. उठल्या उठल्या तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि मला विचारलं, "मी पन आता तुज्यासारखी?" मी म्हटलं, हो.

मग पाटलांनी बोळवणीचं ठरवलं.

बोळवण म्हणजे बायांना सन्मानाने निरोप. त्यांच्या वापरातलं सगळं टोपलीत घालायचं, वर खाऊ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, आणि वाजतगाजत शिवेपार नेऊन ठेवायचं. जाळायचं नाही. बायांच्या अंगाखालचं जाळलं तर त्यांना चटका बसतो आणि त्या उलटतात. टोपली भरायला अर्थातच मी. मुलीची चिंध्यांची बाहुली घातली. लाह्या, गूळ, नारळ आणि चांगली जाड सुकेळी घातली, पाटलांच्या घरून आलेली. आणि तळाशी तिची गोधडी. ती गोधडी मला पाठ होती, कारण इतके दिवस मी तीच झटकत होते. एका कोपऱ्याला लाल खणाचा तुकडा आणि त्याच्या शेजारी पोपटी, दोन्हींवर पांढऱ्या दोऱ्याचे आडवे टाके. आजारी अंगाला लागून लागून ती कडक झाली होती. मी ती नीट घडी घालून ठेवली. बाया खूश व्हाव्यात म्हणून.

गड्यांनी टोपली बांबूला अडकवून खांद्यावर घेतली. लांबून ढोल वाजत होता. शिवेजवळ खोप होती हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पाटलांनी हुशारी केली. ढोल आधीच बंद करवला आणि टोपली शिवेच्या दगडाशी न ठेवता ओहोळ ओलांडून पार पलीकडे, मिठागरवाल्यांच्या बांधावर नेऊन ठेवायला लावली. आपली पोरं लांब राहिली पाहिजेत ना! मिठागरवाल्यांनाही पोरं असतात, हे त्या दिवशी पाटलांच्या हुशारीत बसलं नाही. टोपली ठेवली की मागे वळून बघायचं नसतं. कोणी बघितलं नाही. सगळे पळत घरी आले आणि अंघोळी केल्या. अमावस्या उलटली की खोपीतली पोरं घरी आणायची, असं ठरलं. त्या रात्री गावात पुन्हा फोडणीचा वास आला.

पुढचं मला फार वर्षांनी कळलं. मिठागराकडची एक बाई आमच्याकडे सुकं म्हावरं घेऊन यायची. एकदा पाणी प्यायला टेकली असताना जुन्या गोष्टी निघाल्या, तेव्हा ती सहज म्हणाली, "तुमच्या गावची टोपली ना? आमच्या बांधावर ठेवली व्हती. आमच्या गड्यांनी पहाटे उचलली न् परत तुमच्याच बागेत ठेवली, कुंपनाच्या आत, सावलीत. वर फूल पन वाहिला. आमाला काय म्हाईत तिकडं पोरं हायत? कोनी सांगितला व्हता?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. मी तिला आणखी एक तांब्या पाणी दिलं.

खोपीत काय झालं ते मात्र थोड्याच दिवसांत पोरांच्या तोंडून कळलं. पोरं रोज पेज खाऊन विटली होती. आत्या दुपारी घोरायची. कुंपणाजवळ गेलेल्या कोणालातरी केळीच्या सावलीत टोपली दिसली. वर फूल, आत सुकेळी. पोरांना वाटलं घरच्यांनी लपून खाऊ धाडला. सुकेळी वाटून संपवली. बाहुली पाटलांच्या नातवाने हिसकावली. गोधडीकडे कोणी बघितलं नाही, कारण प्रत्येकाकडे आपापली होती. माझ्या भावाकडे नव्हती. पाण्याने भिजलेल्या बागेत माघातल्या थंडीत लुगडं पांघरून झोपणाऱ्या पोराला गोधडी मिळाली. तो केवढा खूश झाला असेल.

आत्या उठली आणि टोपली बघून तिने कपाळ बडवून घेतलं. मग बाहुली आणि टोपली बावखलात फेकली. बावखल म्हणजे बागेला पाणी देणारं आमच्याकडचं तळं. पोरांना दम भरला की कोणी बोललात तर बाया जीभ ओढतील. गोधडी तेवढी तिने राहू दिली. तीही घेतली असती तर तिला आपली जास्तीची द्यावी लागली असती.

अमावस्या उलटायच्या आत भाऊ पडला.

मी धर्मशाळा सारवत होते. आता घरी जायचं, भावाला घेऊन झोपायचं, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात चार गडी शिडीवर काहीतरी घेऊन आले, चिंचेखाली ठेवलं आणि मागे सरकले. गोधडीत गुंडाळलेलं होतं. मी जवळ गेले. आधी लाल खण दिसला, मग त्याच्या शेजारचा पोपटी तुकडा, मग माझा भाऊ.

पाटील मागे उभे होते. मी ओरडले, "ही गोधडी मी टोपलीत घातली होती! माझ्या हाताने घातली होती! ही खोपीत कशी आली?"

पाटलांना कळलं. त्यांच्या तोंडावरून मला दिसलं की त्यांना त्याच घटकेला सगळं कळलं. बोळवण परत आली होती. म्हणजे बायांनी निरोप घेतलाच नाही, पाटलांनी केलेलं सगळं उलटलं, आणि ते गावभर होणार होतं. ते म्हणाले, "गोधड्या सगळ्या सारख्याच असतात, पोरी."

संध्याकाळपर्यंत गावात ठरलं होतं. वणवाली भावाला बघायला लपतछपत खोपीत गेली आणि बाया घेऊन गेली. जाणारच, बहीण ना ती. लोक दयेने बोलत होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती दिली तर दिली, वर हळहळत दिली.

आई चिंचेखाली आली. तिला पुढे येऊ देत नव्हते, पाटलांनी दोन बायका तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या होत्या. ती तिथूनच म्हणाली, "गेलती ना तू?"

"नाही गेले, आई. शपथ होती ना."

"मग त्याला कशा आल्या?"

मी गोधडीचं सांगितलं. लाल खणाचं, पोपटी तुकड्याचं, टाक्यांचं. आईने पाटलांकडे बघितलं. पाटलांनी नकारार्थी मान हलवली. आई परत गेली. ज्या बाईची चूल पाटलांच्या बागेवर पेटते तिला पाटलांचं म्हणणं खरं मानावंच लागतं. आणि मानता मानता ते खरंच होऊन बसतं.

भावाचे डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. पापण्या चिकटल्या होत्या. मी पानं बदलत राहिले. त्याला पाणी गिळवेना. खोपीतली आणखी दोन पोरं माझ्याकडे आली, त्यांना हलक्यात आल्या, ती चारदोन दिवसांत पेज मागायला लागली. हा मागेना. शेवटी शेवटी तो हात उचलायचा आणि हवेत काहीतरी शोधायचा. मला कळायचं काय शोधतोय ते. मी तोंड खाली न्यायची. पण त्याची बोटं सुजून टरटरली होती, त्यांना वण लागेना. तो बोट गालावर इकडून तिकडे फिरवायचा आणि मुसमुसायचा. मी त्याचं बोट धरून त्या खळगीवर टेकवलं आणि तसंच धरून बसले. तो गेला तेव्हाही धरून बसले होते, त्यामुळे नक्की कधी गेला ते मला कळलं नाही.

रडले मी. मोठ्याने रडले. बायांचा अपमान झाला असेल तर होऊ दे म्हटलं.

अमावस्येनंतर पोरं घरी आली. पाटलांच्या अंगणात नारळ फुटले. खोपीने गाव तारलं, असं जो तो म्हणत होता. पाटलांचा नातू, ज्याने ती बाहुली छातीशी धरून ठेवली होती, त्याला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. त्याला अंघोळ घालताना मी कुंपणावरून बघितलं. त्याच्या दंडावर दोन गोल वण होते, चवलीच्या नाण्याएवढे. मुंबईला आजोळी गेला असताना देवी काढून आणल्या होत्या. पाटलांची सगळी नातवंडं अशीच देवी काढलेली निघाली. टोचणाऱ्याला चहा पाजून परत धाडणारे, "रेडा सुटला" म्हणून गाव पळवणारे पाटील! आपल्या पोरांचं मुंबईत आधीच उरकलं होतं आणि गावापुढे आपणही लपवतोय असं दाखवत होते, कारण गावाच्या पाटलाने गावाच्या रीतीला धरून चालायचं असतं.

माझं मग गरज सरो वैद्य मरो झालं. ज्या पोरांच्या अंगाखालची पानं मी बदलली होती त्यांच्या आया मला बघून पोरं घरात घ्यायला लागल्या. आत्याने तर मला बावखलावर पाणी भरायला बंदी केली. तिने त्यात काय फेकलं होतं ते मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. तिने माझ्या तोंडावर घागर मारली. वणांच्या गर्दीत आणखी एक खूण, कोणाला कळणार होती!

पुढच्या थंडीत पहिल्या बागेतून पुन्हा हाक आली, "रेडा सुटला!"

माझा कानांवर विश्वास बसेना. बायका धावत होत्या, काखेत पोरं, तीच वाट, तीच खोप. त्या वर्षात गाव काही म्हणजे काही शिकलं नव्हतं. उलट खोपीवर त्यांचा भरवसा वाढला होता. मी निर्मळच्या रस्त्याला पळत गेले आणि देवी काढणाऱ्या माणसाच्या सायकलपुढे आडवी उभी राहिले. त्याने मला ओळखलं. म्हणाला, "तुझं काम झालंय ना, बाय?"

मी म्हटलं, "माझं झालंय. बाकीच्यांचं राहिलंय. चला, दाखवते."

पाटाच्या कडेने, केळींमधून, पाटलांच्या अंगणाला वळसा घालून मी त्याला खोपीच्या दारात नेऊन उभा केला. आत पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. बायकांनी मला अशा काही शिव्या दिल्या की मला त्यातल्या निम्म्या कळल्याही नाहीत. तो माणूस म्हणाला, आता नाही म्हणाल तर फौजदाराला घेऊन येईन. एकेक दंड पुढे आला. पोरं भोकाड पसरत होती आणि मी दारात उभी राहून एकेकाला त्याच्यापुढे ढकलत होते. माझ्या हातात बळ होतं, पानं कापून कापून आलेलं. कोणी सुटू पाहिलं तर मी मानेला धरून आणलं. मला त्यांची दया येत नव्हती. मला कोणाचीच दया येत नव्हती.

त्या संध्याकाळी आईने मला रहाटाच्या दोराने मारलं. "आदी भावाला खाल्लं, आता गावाला खातेस काय?" म्हणत होती. पाटलांनी तिचं काम काढून घेतलं होतं. आम्ही मग आचोळ्याला मामाकडे गेलो आणि तिथल्या भातशेतीत राबलो. त्या खोपीतल्या एकाही पोराला पुढे कधी बाया आल्या नाहीत. मी चौकशी ठेवली होती. याबद्दल मला कोणी कधी एक शब्द बोललं नाही, आणि त्या गावात अजून लग्नाकार्यात म्हातारे सांगतात की पाटलांच्या खोपीने पोरं कशी राखली. एक तेवढं गेलं, म्हणतात, ते बहिणीच्या पायगुणाने.

माझं लग्न झालं नाही, ते ओघानेच आलं. आई आणि मी एका घरात राहिलो. मिठागराकडच्या बाईने टोपलीचं सांगितलं त्या दिवशी मी धावत घरात जाऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने वर न बघता म्हटलं, "मिठागरवाल्यांचं काय ऐकतेस." आणि निवडत राहिली.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मीच केलं. तिला शेवटी शेवटी फारसं बोलवत नव्हतं. एका दुपारी तिने मला खुणेने जवळ बोलावलं, हात वर करून माझ्या गालावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. तिचं बोट चाचपडत डाव्या डोळ्याखालच्या त्या खळगीवर आलं. म्हणजे तिला माहीत होती ती जागा.

"मी तुला माफ केलाय," ती म्हणाली. "गेलतीस तर गेलतीस. बहीनच ना तू. तुजा जीव राहिला नसेल."

मी तोंड उघडलं. शपथ तिनेच घातली होती, आणि मी ती पाळली होती. भाऊ तिथे थंडीत कुडकुडत होता आणि मी हाकेच्या अंतरावर असून एकदाही गेले नव्हते. ते मला तिला सांगायचं होतं. गेले असते तर ती गोधडी मी ओळखली असती, तिथल्या तिथे ओढून घेतली असती.

तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. "राहू दे आता," म्हणाली. "माफ केलाय म्हनते ना."

मी तिच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. तिने ते गिळलं.